आज काय भिजवायचं

१ नोव्हेंबर, शनिवार

आजपासून मी माझ्याच भाषणात राहायला आले आहे.

परवा महिला मंडळात मी म्हणाले, "ज्या घरात शेगड्या थंड असतात आणि दारात जेवणाचे डबे घेऊन मोटारसायकली उभ्या राहतात, ते घर नव्हे, ती धर्मशाळा आहे!" टाळ्या थांबेनात. वाक्य मलाही आवडलं. घरी आल्यावर जेवताना मी ते पुन्हा म्हणून दाखवलं, आणि तिथे फसले.

सुनेने, ऋचाने, ताटातून मान वर न करता विचारलं, "मग करूया का आई महिनाभर? बाहेरचं काहीच नाही. तिन्ही वेळचं घरी. ठरलेल्या पैशांत."

"करू की," मी म्हटलं.

"कौशल्याताईंनाही महिनाभर सुट्टी देऊ. त्यांना भाचीच्या लग्नासाठी गावाला जायचंच आहे."

कौशल्या आमच्याकडे पंधरा वर्षं स्वयंपाक करते. तिच्याआधी सासूबाई करत. म्हणजे लग्न होऊन आल्यापासून मी स्वयंपाकघराबद्दल बोलत आले, तिथे उभी अशी राहिले नाही. हे मी कधी लपवलेलं नाही. बाईने ओट्यापाशी जन्म घालवू नये, हे मी गावोगाव सांगितलं आहे. मग परवाचं वाक्य? दोन्ही वाक्यं माझी आणि दोन्ही खरी. एवढंच, की त्यांची कधी एका व्यासपीठावर गाठ पडली नव्हती.

"कौशल्याचा पगार कापायचा नाही," मी बजावलं. "सुट्टी आपण देतो आहोत, ती मागत नाहीये."

ऋचाने दीनानाथांकडे पाहिलं. (मी नवऱ्याला वहीत नावाने लिहिते, तोंडाने अहो म्हणते. आमच्या घरात क्रांती इतपतच झाली.) दीनानाथ म्हणाले, "ते मी बघतो." विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी आपण होऊन काही बघितल्याचं मला स्मरत नाही.

किराणा, भाजी, दूध मिळून बारा हजार. पाच माणसं. आकडा ऋचाने सांगितला, तोही क्षणाचा विचार न करता. मला ते लागलं. सासूला, म्हणजे मला, ओट्यापाशी उभं करून बघायचं पोरीने आधीच ठरवलं असणार. असो. आव्हान आहे तर आव्हान.

२ नोव्हेंबर, रविवार

दिवसभर बसून महिना आखला. मोठ्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर तीस चौकोन आणि प्रत्येक चौकोनात सकाळ, दुपार, रात्र. एकही भाजी आठवड्यात दोनदा नाही. पालेभाजी, कडधान्य, फळभाजी अशी फिरती पाळी. महिन्याच्या शेवटच्या चौकोनात तांबड्या शाईने लिहिलं: बाहेर जेवण. नातीसाठी एवढी सवलत.

फ्रिजवर चिकटवून सगळ्यांना बोलावलं. दीनानाथांनी चष्मा वर करून सगळे चौकोन वाचले.

"व्याख्यानमाला उत्तम आहे. उरलेल्याचं काय?"

"काय उरलेलं?"

"भात उरतो. पोळ्या उरतात. तुझ्या तक्त्यात रोज रात्री सगळं संपतं आणि रोज सकाळी नवं जग सुरू होतं."

नात स्वराली आठवीत आहे. तिने तिच्या फोनवर तक्त्याचा फोटो काढला आणि मैत्रिणींना पाठवला. "आजी, धिस इज लाइक जेल मेनू," म्हणाली. मी तिला सांगितलं की तुरुंगात माणसाला निवड नसते, इथे आहे. "कुठंय?" तिने विचारलं. मुलीची जीभ माझ्यावर गेली आहे.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज मटकीची उसळ होती. तक्त्यात होती. मटकी डब्यात कोरडी होती.

कडधान्य आदल्या दिवशी भिजवावं लागतं आणि मोड हवे असतील तर त्याच्याही आदल्या दिवशी, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असणं आणि रविवारी मंगळवारची मटकी आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेवटी पिठलं केलं. ऋचाने फोडणी दिली. मी तक्त्याच्या कडेने नवा रकाना आखला: आज काय भिजवायचं.

वरद कालपासून डबा नेतो. आमचा मुलगा हडपसरला आयटी कंपनीत आहे. तिथे जेवण फुकट मिळायचं, ते कंपनीने बंद केलं म्हणे. मी म्हटलं, बरं झालं, फुकटच्या जेवणाने माणूस संध्याकाळी आठपर्यंत खुर्चीला बांधला जातो. माळ्यावरून माझ्या लग्नातला तीनपुडी स्टीलचा डबा काढला. त्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं आहे: चि. सौ. कां. वासंतीस, मामांकडून.

"हा नको आई, नाव आहे त्यावर," वरद म्हणाला.

"नाव आहे म्हणून हरवत नाही."

"ऑफिसात चिडवतील."

"चिडवू देत. अडतीस वर्षांच्या माणसाला आईने डबा दिला यात लाज कसली? उलट अभिमानाने उघड."

नेला. संध्याकाळी घासून पुसून परत आणला. ऑफिसात भांडी घासायची सोय आहे हे नव्याने कळलं.

८ नोव्हेंबर, शनिवार

संकष्टी. दीनानाथांचा उपवास. साबुदाणा, शेंगदाणे, बटाटे, तूप, चंद्रोदयाला मोदक. मी बेरीज केली आणि जाहीर केलं की या महिन्यात उपवास आपल्याला परवडत नाही.

"देवाला कळवतेस की मी कळवू?" दीनानाथ म्हणाले. मग त्यांनी दिवसभर दोन केळी आणि ताक यांवर काढलं आणि चंद्र दिसल्यावर वरणभात खाल्ला. मी म्हटलं, "अहो, चार चमचे साबुदाण्याने काही घर बुडत नाही." ते म्हणाले, "तुझा तक्ता मोडायला नको." इतक्या वर्षांत या माणसाने माझा एकही विचार इतक्या मनापासून पाळलेला नाही. घर बदलतं आहे. माझ्या शब्दांना अजून धार आहे, हे मान्य करायला हवं.

पेपरही बंद केला त्यांनी. "वाचनालयात फुकट वाचतो, तेवढंच चालणं होतं."

११ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी पोळ्या. तव्यावरची फुगते आणि मी खूश होते, तोवर लाटलेली पोळपाटाला चिकटते. दोन्हीकडे एकाच वेळी लक्ष ठेवणं हे चार हजार लोकांसमोर बोलण्यापेक्षा अवघड आहे. चार हजार लोक निदान गप्प बसतात.

खालच्या मजल्यावरचा अवधूत जिन्यात भेटला. सप्टेंबरमध्ये कंपनीने त्याला एका ईमेलने काढून टाकलं. त्याच्या आईने मला सांगितलं तेव्हा माझं रक्त उसळलं होतं. कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर दूध आटत होतं, मी तिथेच उभी राहिले आणि अवधूतला नावाने हाक मारून पुढे बोलावलं. "हा आपला मुलगा! याच्या दहा वर्षांच्या घामाची किंमत चार ओळी! आणि आपण दूध पीत बसणार?" काय बोलले मी त्या दिवशी! बायका डोळे पुसत होत्या. वरद दूध वाढत होता, त्याचा हात थांबला होता. अन्यायाबद्दल बोलायला कुणीतरी लागतंच.

अवधूत तेव्हापासून लिफ्टने जात नाही, जिन्याने जातो. व्यायाम सुरू केला असावा. आज मी विचारलं, "काही जमलं का रे?" तर "घाईत आहे काकू," म्हणून चार पायऱ्या एकदम उतरला.

रात्री जेवताना हे सांगितलं. वरदने ताक मागितलं. पुन्हा मागितलं.

"आता बाबा मला रोज क्लासला सोडतो," स्वराली मध्येच म्हणाली. "रिक्षा बंद. बाबाचं ऑफिस चिल झालंय."

"हायब्रिड आहे," ऋचा म्हणाली. "भात घे."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

मला कुणी कोंडलेलं नाही. हे लिहून ठेवते, कारण आज दुपारी ओट्यापाशी उभी असताना अगदी उलट वाटलं. खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते, त्यात एक बाई कुकरची शिट्टी मोजत उभी असते. ती मला पाहते, मी तिला पाहते. आम्ही ओळख दाखवत नाही.

टेबलावर तीन पुस्तकं अर्धी पडली आहेत. वाचायला बसले की डोक्यात दुधी येतो. कोथिंबीर आज घ्यावी की उद्या उतरेल. डाळ दोन वाट्या की दीड. मेंदूचं असं ताक होतं आणि हे जगातल्या अर्ध्या माणसांचं रोज होतं. यावर मी चाळीस वर्षं बोलते आहे आणि तरीही आज मला ते नवीन होतं.

सोडून देता येईल. "हरले" म्हणून कौशल्याला फोन करता येईल. पण मंडळात सगळ्यांना माहीत झालं आहे. भाजीवाली सुद्धा विचारते, "काय बाई, कितवा दिवस?" दार उघडं आहे आणि उंबऱ्यावर माझंच वाक्य बसलं आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

अर्धा महिना झाला. उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा केला तो कुणी टाकला नाही. रकाना जमू लागला आहे: आज भिजवायची चवळी.

ऋचाला म्हटलं, "तू मला चांगलं अडकवलंस." ती हसली नाही. "सॉरी आई," म्हणाली आणि भांडी विसळायला लागली. विनोदाला क्षमा मागणारी पिढी.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी वरद डबा घेऊन गेला त्यानंतर शुभंकरचा फोन आला. माझा जुना विद्यार्थी, बुधवार पेठेत अभ्यासिका चालवतो. स्पर्धा परीक्षांची मुलं तिथे महिन्याचे पैसे भरून खुर्ची घेतात आणि दिवसभर वाचत बसतात. "बाई, आज वर्धापनदिन आहे. वक्ते तापाने आडवे झालेत. तुम्ही वाचवा. विषय जिद्द."

जिद्द या विषयावर मला तयारी लागत नाही. ऋचाची शाळेला रजा होती, दुपारचा स्वयंपाक तिच्यावर टाकला आणि धायरीहून बस धरली. अठरा दिवसांनी माझ्या अंगावर ठेवणीतली साडी होती आणि हाताला लसणाचा वास नव्हता. बसमध्ये मनातल्या मनात भाषण जुळवत गेले. त्यात एक भाग होता, आईबापांना फसवून शहरात नुसता वेळ काढणाऱ्या मुलांवर. तो जोरदार होणार होता.

अभ्यासिका तिसऱ्या मजल्यावर. शुभंकर मला हॉलकडे नेत होता. वाटेतल्या बोळात एक लांब फळी आहे, त्यावर मुलं आपापले डबे ठेवतात. प्लॅस्टिकचे, कापडी पिशवीतले, मेसचे. आणि त्यांत एक तीनपुडी स्टीलचा.

मी वाचलं. चि. सौ. कां. वासंतीस, मामांकडून.

आधी वाटलं, वरदने कुणाला दिला असेल. म्हणून वरचं झाकण उचललं. गवारीची भाजी, दाण्याचं कूट घातलेली. सकाळी मी कूट जरा जास्त टाकलं होतं, ते वर दिसत होतं.

शुभंकर पुढे गेला होता. मी विचारलं, "इथे मोठ्या वयाचे लोकही येतात का रे?"

"येतात ना बाई. कंपन्यांनी कमी केलेले. सकाळी बॅग अडकवून ऑफिसला निघाल्यासारखे निघतात आणि इथे येऊन बसतात, लॅपटॉपवर अर्ज करत. घरी सांगितलेलं नसतं, म्हणून आम्ही कुणाचे फोटो लावत नाही. एक जण दसऱ्यापासून आहेत. फार चांगला माणूस. गावाकडच्या मुलांना इंग्रजीत मुलाखत कशी द्यायची ते शिकवतात. पोरं साहेब म्हणतात त्यांना."

मी झाकण लावलं आणि डब्यावरचं नाव भिंतीकडे केलं.

व्यासपीठावर उभी राहिले. सुरुवात सवयीने झाली, तोंडाला वाक्यं पाठ आहेत. मग तो भाग आला. "जो मुलगा रोज सकाळी घरून खोटं बोलून..." एवढं म्हटलं आणि पुढचा शब्द आला नाही. चाळीस वर्षांत असं झालेलं नाही. समोरच्या मुलीने पाण्याची बाटली पुढे केली. सगळे वाट बघत होते. मी शेवटच्या रांगेकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर दिसला असता.

"तुम्ही जेवलात का?" मी विचारलं.

मुलं हसली. "नाही बाई!"

"मग जेवून घ्या. भाषणं काय, कुठेही मिळतात."

आणि खाली बसले. शुभंकर बिचारा घाईघाईने आभार मानायला उठला. परत जाताना बोळात पाहिलं. डबा फळीवर नव्हता.

बसमध्ये सगळं एकेक करून समोर आलं. कॅन्टीन. घासलेला डबा. रिक्षा. पेपर. संकष्टीचा साबुदाणा. क्षणात सांगितलेले बारा हजार. माझा प्रयोग, माझा विचार, माझ्या शब्दांची धार! मी आयुष्यभर इतकं वाचलं आणि माझ्याच फ्रिजवर काय लिहिलेलं आहे ते मला वाचता आलं नाही. लिहिणारीही मीच.

२० नोव्हेंबर, गुरुवार

रात्रभर भाषण तयार होत होतं. "वरद, इथे बस. तुझी मान खाली जाण्यासारखं काहीही झालेलं नाही." सकाळी तो बूट घालत होता. बुटांना पॉलिश होतं.

"आई, आज उशीर होईल. मीटिंग आहे."

मी तोंड उघडलं.

"दोन पोळ्या जास्त घातल्यात," मी म्हणाले.

"कशाला?"

"मीटिंगमध्ये भूक लागते."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी तव्याकडे पाहिलं. तव्यावर काही नव्हतं.

संध्याकाळी डबा घासलेला आला. मी विचारलं, "पुरल्या?"

"हो. शेजारी एक वाशिमचा मुलगा बसतो. त्याचा मेसचा डबा फार वाईट असतो. त्याला गवार आवडली कालची. आज पोळ्या दिल्या."

"ऑफिसातलाच?"

"ऑफिसातलाच."

"नाव काय?"

"कोंडीराम."

"आयटीत कोंडीराम?"

"असतात आई," तो म्हणाला आणि हात धुवायला गेला. बराच वेळ हात धूत होता.

२२ नोव्हेंबर, शनिवार

मटार स्वस्त झाले आहेत. गॅलरीत दीनानाथ सोलत होते, मी समोर बसले. वरद स्वरालीला घेऊन क्लासला गेलेला, ऋचा शाळेत. ती बालवाडीत शिकवते, शनिवारीही अर्धा दिवस असतो.

"तुम्हाला कधी कळलं?" मी विचारलं.

"काय?"

"मी भाषण करत नाहीये. नुसतं विचारते आहे."

त्यांनी हातातली शेंग पूर्ण सोलली. "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. तुला कुणी सांगितलं?"

"डब्याने. मला का नाही सांगितलं कुणी? मी रागावले असते असं वाटलं? मी? अवधूतसाठी मी..."

"तेच."

"तेच काय?"

"कोजागिरीच्या दिवशी वर गच्चीवर जायच्या आधी तो मला म्हणाला, दूध झालं की आईला सांगतो. मग तू अवधूतला पुढे बोलावलंस."

खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा तो चिरका आवाज संपेपर्यंत आम्ही थांबलो.

"तू रागावली असतीस तर त्याला एक वेळ चाललं असतं, वासंती. तू त्याच्या बाजूने बोलली असतीस. सभेत बोलली असतीस, पेपरात लिहिलं असतंस. त्याला लोकांकडे काम मागायला जायचंय. तिथे त्याला अन्यायाचं उदाहरण म्हणून जायचं नाहीये."

"मी त्याची आई आहे."

"हो. म्हणूनच."

मी मटारांत हात घातला आणि नुसतेच फिरवत बसले.

"त्याला काय हवंय मग?"

"नवं काम मिळेपर्यंत तुला कळलेलं नसावं, एवढंच. घरात एक माणूस असं असावं, की ज्याच्यासमोर तो अजून सकाळी ऑफिसला जातो."

मी उठून आत आले. काहीतरी फोडावंसं वाटत होतं. नारळ होता, तो फोडला.

२३ नोव्हेंबर, रविवार

आजवर मला गप्प करायचा प्रयत्न कितीकांनी केला. संस्थाचालकांनी, पुढाऱ्यांनी, एकदा पोलिसांनीही. कुणाला जमलं नाही. माझ्या मुलाला जमलं आणि त्याने तर काही मागितलेलंही नाही.

ऋचाशी बोलता येत नाही, कारण तिला वाटतं मला माहीत नाही. वरदशी बोलता येत नाही, कारण त्याला कदाचित वाटतं मला माहीत आहे. स्वरालीला खरंच माहीत नाही, म्हणून तिच्याशी तर मुळीच नाही. घरात पाच माणसं आणि मी भेंडीशी बोलते.

२६ नोव्हेंबर, बुधवार

चंपाषष्ठी. दीनानाथ चातुर्मासात वांगं खात नाहीत आणि आज भरीत खाऊन तो नेम सोडतात. त्यांच्या आईने घातलेली ही पद्धत. दोन मोठी वांगी थेट गॅसवर भाजली, घरभर धूर झाला. बाजरीच्या भाकरीला माझ्या हाताने अजून कडा चिरतात. वरदने तीन खाल्ल्या.

संध्याकाळी महिला मंडळाच्या अध्यक्षांचा फोन. "वासंतीताई, तीस तारखेला तुमच्या महिन्याच्या प्रयोगाचा समारोप ठेवू या. सगळ्या कुटुंबाला स्टेजवर बसवू. मुलगा डबा नेतो ते किती प्रेरणादायी आहे! त्यालाही दोन शब्द बोलायला सांगू."

"नाही जमणार."

"तुम्ही आणि नाही? तब्येत बरी आहे ना?"

"प्रयोग अजून अपुरा आहे," मी म्हणाले. सुचलं ते बोलले. फोन ठेवल्यावर कळलं की बरोबर सुचलं.

कारण स्वयंपाकघरात ऋचा माझ्यामागे घोटाळत होती. "आई, एक तारखेपासून कौशल्याताई..." असं म्हणून थांबली. "काही नाही. मिरच्या संपल्यात." मागच्या रविवारीही ती अशीच अडखळली होती. महिना संपला की कौशल्याला बोलवावं लागेल. बोलावलं नाही तर का नाही ते सांगावं लागेल. तिने मला या तुरुंगात घातलं आणि आता किल्ली हातात घेऊन तीच थरथरते आहे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

कौशल्याला फोन केला. भाचीच्या लग्नाचं काही विचारलं नाही, तिनेही काही सांगितलं नाही. म्हणाली, "काकांनी पगार पाठवला बरं का वेळेवर." डिसेंबरमध्ये माझी तीन व्याख्यानं आहेत, त्यांचं मानधन परस्पर तिला जाईल. विषय कोणताही चालेल म्हणून मी आयोजकांना कळवलं आहे, फक्त घर आणि कुटुंब हा नको.

३० नोव्हेंबर, रविवार

तांबड्या शाईचा चौकोन. बाहेर जेवण. स्वरालीने हॉटेल निवडून ठेवलं होतं, ड्रेसही. सातच्या सुमारास सगळे हॉलमध्ये जमले. ऋचा हातातली पर्स उघडून बंद करत होती.

मी उभी राहिले. खास आवाज लावला.

"एक सूचना आहे. माझ्या मते महिनाभरात काहीच सिद्ध होत नाही. खरी परीक्षा दुसऱ्या महिन्यात असते. सबब हा प्रयोग डिसेंबरअखेर चालू राहील. कौशल्याची सुट्टी वाढवलेली आहे, तिच्या पगाराचं मी पाहिलं आहे. आणि आजचं हॉटेल रद्द. समारोपच नाही, तर मेजवानी कसली?"

"आजी! सीरियसली?" स्वराली किंचाळली. "तू एक मंथ म्हणाली होतीस! तू स्वतः लिहिलंयस रेडमध्ये!"

"लिहिलं ते मीच खोडते आहे."

"इट्स सो अनफेअर! बाबा, सांग ना तिला काहीतरी!"

दीनानाथांनी चष्मा पुसला.

"मुदतवाढ मतदानाशिवाय?"

"मतदानाशिवाय."

"याला हुकूमशाही म्हणतात."

"म्हणतात. आणि बाहेर कुणी विचारलं तर तेच सांगा. वासंतीबाईंच्या डोक्यात खूळ शिरलंय, सगळ्या घराला वेठीला धरलंय. माझं नाव घेऊन सांगा. मला चालेल."

स्वरालीने दार आपटलं. ऋचा आत गेली आणि तिने नळ सोडला. नळाखाली भांडं नव्हतं. पर्स तिने ओट्यावर ठेवली होती, गव्हाच्या पिठात. मी ती उचलून पुसून ठेवली. खिचडी टाकली. तीसुद्धा तक्त्यात नव्हती.

जेवणं झाल्यावर डिसेंबरचा तक्ता आखायला घेतला. नव्या कॅलेंडरची पाठ अजून मिळायची आहे, म्हणून जुन्याच दोन पानांना चिकटपट्टी लावली. वरद येऊन मागे उभा राहिला.

"आई, मंगळवारी काय?"

"उसळ."

"मग आज काय भिजवायचं?"

"मटकी."

त्याने फळीवरून मटकीचा डबा काढला. वाटीने मटकी मोजली, पातेल्यात घातली, पाण्याने धुतली. मग डब्यात पुन्हा हात घातला आणि आणखी एक मूठ टाकली.

"एवढी?" मी विचारलं.

"कोंडीरामला मोडाची आवडते," तो म्हणाला. पातेल्यातच बघत होता. "परवा म्हणत होता, त्या बाई पुन्हा कधी येणार बोलायला. त्यांचं भाषण सगळ्यांत चांगलं झालं म्हणे."

यावर मला बोलता आलं असतं. चाळीस वर्षांत माझ्याकडे एवढं बोलण्यासारखं कधीच नव्हतं.

मी पातेल्यात वरून पाणी घातलं आणि झाकण ठेवलं.